सातबारा संगणकात कसा गेला?

औंढा नागनाथच्या शेतकऱ्याला पीककर्ज हवे, तर सातबारा लागतो. गाव नमुना ७ मध्ये मालकी, १२ मध्ये पिके. तो संगणकावर आणणे म्हणजे नुसते टंकलेखन नव्हे. आधी गरज ओळखायची, मग आराखडा, नोंदी भरणे आणि पडताळणी. दशांशचिन्ह एक घर सरकले, की ०.८० हेक्टरचे ०.०८ होते! यंत्राला ही चूक कळेलच असे नाही; शेतकऱ्याला कळते. म्हणून २०१७ मध्ये चावडीवाचन झाले. संगणकातले उतारे गावकऱ्यांसमोर वाचले गेले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. मग काम संपले का? नाही. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली. शेतकरी मोबाईलवरून स्वतःच पीक नोंदवू लागला. वापर वाढतो तशी प्रणालीही सुधारावी लागते. घरचा उतारा एकदा स्वतः तपासून पाहा.