आठ लिटर ऑईल

पोर्श नाइन-इलेव्हनच्या ९९७ क्रमांकाच्या पिढीत, २००८पर्यंतच्या मॉडेलांमध्ये, इंजिन मागच्या आसाच्याही मागे बसवलेले असते. सिलिंडर सहा, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे, आडवे पडलेले. या इंजिनाला सुमारे आठ लिटर ऑईल लागते, साध्या हॅचबॅकच्या जवळपास दुप्पट. १९९८पर्यंतच्या, हवेवर थंड होणाऱ्या नाइन-इलेव्हनमध्ये ऑईलची टाकी इंजिनापासून वेगळी असे आणि ते दोन ठिकाणांहून सोडावे लागे. ९९७च्या बहुतेक मॉडेलांमध्ये ऑईलचा साठा इंजिनाच्याच पोटात असतो. खाली एकच ड्रेन नट राहिला आणि त्याच्यावर कसले झाकणही नाही. लॅम्बोर्गिनी हुराकानसारख्या गाडीत नटापर्यंत हात पोचायलाच तळाची पॅनेलं डझनावारी स्क्रू काढून उतरवावी लागतात. घरच्या घरी ऑईल बदलता येईल अशा मोजक्या महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये ही पोर्श म्हणूनच मोडते. मुंबईत असलेल्या या पिढीच्या गाड्या वॉरंटीच्या मुदतीतून कधीच बाहेर पडल्या आहेत, त्यामुळे मालकाने स्वतः पाना हाती घेतला तर कागदोपत्री अडचण राहत नाही.

ऑईल कधी बदलायचे, हा पहिला प्रश्न. किलोमीटरच्या आकड्यावर भरवसा ठेवला तर मुंबईत फसगत होते. गिरगावातून निघालेली गाडी सकाळी मरीन ड्राइव्हला एक फेरी मारून परत येते, किंवा दादरहून प्रभादेवीपर्यंत सिग्नल मोजत जाते. वर्षाकाठी दोन-तीन हजार किलोमीटर झाले तरी पुष्कळ. पण एक लिटर पेट्रोल जळले की साधारण तेवढेच, एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे बाहेर जाते, थोडे पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑईलमध्ये उतरते. त्याच वाटेने न जळलेले पेट्रोलही उतरते. ऑईल नव्वद-शंभर अंशांवर काही वेळ राहिले तरच ही दोन्ही उडून जातात. दहा मिनिटांच्या फेरीत इंजिनाचे पाणी गरम होते, ऑईल होत नाही. आठ लिटर तापायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. ऑईल भरायच्या टोपणाच्या आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट थर दिसला, तर पाणी आत साठते आहे असे समजावे.

पाण्याबरोबर आम्लेही तयार होतात. ती मारण्यासाठी ऑईलमध्ये क्षारधर्मी द्रव्ये मिसळलेली असतात आणि गाडी उभी असतानाही ती खर्ची पडत राहतात. लालबागमध्ये गणेशोत्सवाच्या दिवसांत रस्ते वाहनांना बंद होतात आणि इमारतीतली गाडी अनंत चतुर्दशीपर्यंत जागची हलत नाही. त्याआधी तीन महिने पावसाळ्याची दमट हवा इंजिनाने घेतलेली असते. म्हणून मुंबईसाठी वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर आणि दसऱ्याच्या आत, हा हिशेब कंपनीच्या पुस्तकातल्या लांब अंतराच्या मुदतीपेक्षा जास्त बरोबर ठरतो. दसऱ्याला गाडीची पूजा व्हायचीच असते. तिच्या पोटात तेव्हा ताजे ऑईल असावे.

या इंजिनासाठी पोर्शची ‘ए-४०’ ही मान्यता असलेले ऑईल लागते, बहुधा ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० दर्जाचे सिंथेटिक. ०डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे ३५ अंशांवर होते, आणि सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेला नीचांक २२ जानेवारी १९६२चा, ७.४ अंशांचा आहे. मग इतके पातळ ऑईल मुंबईत कशाला, असे विचारून अनेक मिस्त्री २०डब्ल्यू-५०चा डबा पुढे करतात. त्यांचा तर्क चुकतो तो एका ठिकाणी. कोणतेही ऑईल थंड असताना गरम स्थितीपेक्षा कितीतरी जाड असते. ०डब्ल्यू-४०ची दाटी शंभर अंशांवर तेरा-चौदा सेंटिस्टोक असते, पण चाळीस अंशांवर ती सत्तरच्या घरात जाते. २०डब्ल्यू-५०ची त्याच चाळीस अंशांवर दीडशेच्या आसपास. मुंबईची सकाळ कितीही उकाड्याची असली तरी इंजिनाच्या दृष्टीने ती गारच. पहिल्या काही सेकंदांत, पंपाने ऑईल बेअरिंगांपर्यंत पोचवेस्तोवर, सर्वांत जास्त झीज होते आणि तिथे पातळ ऑईल कामाला येते. डब्यावर केवळ ०डब्ल्यू-४० लिहिलेले असणे पुरेसे नाही. मान्यतेचा क्रमांक मागच्या बारीक अक्षरांत शोधावा.

फिल्टर, ड्रेन नटाचा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर आणि फिल्टरच्या टोपीची ओ-रिंग या तीन वस्तू दर वेळी नव्या लागतात. ऑपेरा हाउसच्या भोवती, न्यू क्वीन्स रोडच्या बाजूला मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तिथे गाडीचा चॅसी नंबर घेऊन गेलेले बरे. हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट. लागतात ती हत्यारे थोडीच: आठ मिलिमीटरची षट्‌कोनी गोटी, फिल्टरच्या टोपीवर बसणारी ७४ मिलिमीटरची चौदा खाचांची वाटी आणि टॉर्क पाना. यातला टॉर्क पाना घेताना काटकसर करू नये. ऑईल धरायची परात मात्र बाजारात बहुधा पाच-सहा लिटरची मिळते, आणि या कामात हमखास होणारा घोटाळा तिथेच होतो. ऑईल आठ लिटर आहे आणि नट एकदा सुटला की धार थांबवता येत नाही. किमान बारा लिटरची उथळ परात हवी.

जागा हा मुंबईतला खरा पेच. गिरगावच्या वाड्यांमध्ये दोन चाळींमधली वाट इतकी अरुंद असते की तिथे हे काम काढणे शेजाऱ्यांवर अन्यायच होईल. दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा पारशी कॉलनीत जुन्या इमारतींना कंपाउंड आहे, खाली शहाबादी फरशी आहे. परळ-लालबागला गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या टॉवरांत पोडियमवर मजलेच्या मजले पार्किंग असते. छप्पर, उजेड, गुळगुळीत जमीन. एकावर एक गाडी चढवणारे यांत्रिक पार्किंग असेल तर तिथे गाडीखाली शिरण्याचा विचारही करू नये. सोसायटीची परवानगी आधी घ्यावी. ऑईल पेट्रोलसारखे पेट घेत नाही, ते भडकायला दोनशे अंशांच्या वर तापावे लागते, तरी ऑईलने भिजलेल्या चिंध्या पार्किंगमध्ये सोडून जाणाऱ्याला दुसऱ्या वर्षी परवानगी मिळत नाही.

सपाट दिसणारी जमीन सपाट नसते. पोडियमला पाणी निघून जावे म्हणून गवंड्याने ढाळ दिलेला असतो आणि कंपाउंडची फरशी गटाराकडे उतरती असते. गवंड्याचीच पाणसळ घेऊन गाडीची जागा आधी तपासावी, कारण पुढे ऑईलची पातळी मोजताना हाच ढाळ खोटा आकडा दाखवतो. शहाबादीचा तुकडा जॅकखाली तडकू शकतो. खाली जाड प्लायवूड टाकावे. ९९७ला आणखी एक अडचण आहे. जॅक लावायला कंपनीने ज्या जागा नेमून दिल्या आहेत, नेमक्या त्याच जागा घोडी लावायलाही हव्या असतात. त्यामुळे चारही चाके जाड फळ्यांच्या ठोकळ्यांवर घेणे अधिक सोयीचे आणि निर्धोक. गाडी सपाट राहते, नटापर्यंत हात पोचतो. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली डोके घालणे हा जिवाशी खेळ आहे. चाके ठोकळ्यांवर नसतील तर घोड्या लागल्याच पाहिजेत.

ऑईल कोमट असताना सोडतात. गार ऑईल सावकाश येते आणि तळाचा गाळ मागे ठेवते. पुरते तापलेले ऑईल हात भाजते, आणि नटाच्या आसपासचे एक्झॉस्टचे पाइप त्याहून जास्त. मरीन ड्राइव्हहून कोस्टल रोडने वरळीपर्यंत जाऊन परत यावे आणि गाडी अर्धा तास उभी ठेवावी, म्हणजे काम जमते. आधी वरचे, भरायच्या तोंडाचे टोपण उघडावे. ते अडकलेले निघाले तर खालचा नट सोडण्यापूर्वी कळलेले बरे, शिवाय हवा आत शिरल्याने धार एकसारखी पडते. नट शेवटच्या आट्यावर आला की तो वर दाबून धरत फिरवावा आणि मग झटक्यात बाजूला घ्यावा. सुरुवातीची धार तिरपी, लांब पडते. परात तेवढी पुढे सरकवलेली असावी. पुढे धार बारीक होते, मग थेंब. थेंब पडत असताना घाई करू नये. अर्धा तास तसेच राहू द्यावे.

तेवढ्यात फिल्टर. त्याची प्लॅस्टिकची टोपी सोडली की तिच्यातही बरेच ऑईल निघते, म्हणून ती सरळ धरून उतरवावी. जुना फिल्टर फेकण्याआधी त्याच्या कागदी घड्या कापून, पसरून, पांढऱ्या कापडावर दाबून पाहाव्यात. या सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि गॅरेजमध्ये तो सहसा वगळला जातो. या पिढीच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट नावाच्या दांड्याचे बेअरिंग हा नाजूक भाग आहे. ते तुटले तर संपूर्ण इंजिन निकामी होते आणि तुटण्याआधी ते पोलादाचे कण सोडू लागते. घड्यांवरून चुंबक फिरवला आणि चकचकीत कण चिकटले, तर गाडी सुरू न करता जाणकाराला बोलवावे. चुंबकाला न चिकटणारी बारीक चमक अ‍ॅल्युमिनियमची असू शकते, प्लॅस्टिकचे तपकिरी तुकडे टायमिंग चेनच्या पट्ट्यांचे. घड्या स्वच्छ असतील तर त्यांचा तारखेसह फोटो ठेवावा. पुढच्या वर्षी तुलना करायला तो लागतो.

नवी ओ-रिंग ऑईलचे बोट फिरवून बसवतात. टोपी २५ न्यूटन-मीटरला आवळायची, ड्रेन नट नव्या वायसरसह ५० न्यूटन-मीटरला. नट ज्यात बसतो ते चेंबर अ‍ॅल्युमिनियमचे असते. पान्याला पाइप लावून आवळायची सवय लोखंडी चेंबरच्या गाड्यांवर खपून जाई; इथे आटे जातात आणि मग चेंबर उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. नट आधी नुसत्या बोटांनी दोन-तीन फेरे फिरला पाहिजे. जड गेला तर आटे तिरके लागले आहेत.

भरताना आठ लिटर मोजून एकदम ओतू नये. थोडे जुने ऑईल आतल्या कोपऱ्यांत राहतेच, म्हणून आधी सात लिटर. इंजिन सुरू केल्यावर ऑईलच्या दाबाचा काटा काही सेकंदांत वर चढायला हवा. तोपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. मग खाली वाकून नट आणि टोपी पाझरत नाहीत ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे. ९९७ला ऑईल मोजायची पट्टी नाही. पातळी डॅशबोर्डवर दिसते, तीही ऑईल पुरते तापलेले, गाडी सपाट जागी आणि इंजिन थोडा वेळ बंद असेल तरच खरी. पुन्हा एक फेरी मारून यावे, पाणसळीने तपासलेल्या जागीच गाडी लावावी आणि अर्धा-अर्धा लिटर वाढवत पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली ठेवावी. जास्त भरलेले ऑईल हवा वेगळी करणाऱ्या यंत्रणेतून इंजिनाच्या श्वासमार्गात खेचले जाते आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो. कमी पडले तर वाढवता येते, जास्तीचे काढायला पुन्हा गाडीखाली जावे लागते.

उरते परातीतले काळे ऑईल. ते हाताला लागू न देणे ही नाजूकपणाची गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापडगिरण्यांत चात्यांचे खनिज तेल वर्षानुवर्षे अंगावर उडून म्यूल नावाचे सूतकताईचे यंत्र चालवणाऱ्या कामगारांना कातडीचा कर्करोग होई, आणि इंजिनात जळून निघालेले ऑईल त्याहून वाईट. रबरी हातमोजे घालावेत, सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाकून तो गोळा करावा. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेले ऑईल घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. परळच्या पार्किंगमधले गटार पावसाच्या पाण्याचे असते. त्या पाण्यावर कसलीही प्रक्रिया होत नाही. हिंदमाताला तुंबणारे पाणी पंपाने समुद्रात सोडतात. त्या गटारात ओतलेले ऑईलही तिथेच जाते. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला किंवा भट्टीत जाळायला जुने ऑईल विकत घेणारे पुष्कळ भेटतात, त्यांना ते देऊ नये. नव्या ऑईलच्या रिकाम्या डब्यांत गाळून भरावे, त्यात पेट्रोल किंवा कूलंट मिसळू देऊ नये, आणि अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडे माल पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यावे. तिथे ऑईल रिते केल्यावर डबे परत मागून घ्यावेत आणि त्यांना खिळ्याने भोके पाडावीत. लेबल शाबूत असलेला नामांकित कंपनीचा रिकामा डबा भंगारात चांगल्या भावाने जातो, आणि त्यात भेसळीचे ऑईल भरून तो पुन्हा दुकानात येतो.