दोष एकट्या उजेडाचा नाही

राहुरी-श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्यात शेतीपंपाची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की दारं धरायला गेलेला माणूस सारा भरेपर्यंत बांधावर मोबाईल काढतो. त्यात वावगं काही नाही. बिबट्याच्या धास्तीत तेवढीच सोबत. घोटाळा होतो तो घरी आल्यावर. पाय धुऊन अंथरुणात शिरलं तरी रील सरकवणारा अंगठा थांबत नाही, आणि पहाटे धारा तर काढायच्याच असतात.

यावर जाणकार म्हणवणारे सांगतात, ‘स्क्रीन पिवळी कर, काही होत नाही.’ निळसर उजेडानं झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन कमी होतं, हे खरं. पण 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात झोपण्याआधी चार-चार तास उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तकवाल्यांपेक्षा झोप लागायला जेमतेम दहाएक मिनिटं जास्त लागली. आपली झोप तासातासानं जाते. ती खातो तो ‘अजून एकच’ म्हणत गेलेला वेळ, आणि भावकीच्या ग्रुपवरचं भांडण वाचून तापलेलं डोकं. पिवळ्या पडद्यावर भांडण काही थंड होत नाही.

मग इन्स्टाग्राम सोडून सिनेमा पाहिला तर? नॉर्वेतल्या 45 हजारांवर विद्यार्थ्यांच्या पाहणीत (2025) अंथरुणातल्या पडद्याच्या दर वाढीव तासामागे झोप सुमारे 24 मिनिटांनी कमी आढळली, निद्रानाशाच्या लक्षणांची शक्यता 59 टक्क्यांनी जास्त. सोशल मीडिया इतर गोष्टींपेक्षा जास्त घातक ठरला नाही. अर्थात ही पाहणी आहे. झोप येत नाही म्हणून मोबाईल घेणारेही त्यात असणारच.

‘हे पोरांचं खूळ’ हाही एक समज. मुलं उशिरा झोपतात म्हणून राज्य सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी न भरवण्याचा निर्णय घेतला. मोठ्यांनाही किमान सात तास लागतात. त्यांची धार मात्र कोणी पुढे ढकलत नाही.

ही तूट रविवारी भरून काढू म्हटलं, तर उशिरापर्यंत लोळून थकवा थोडा उतरतो, पण शरीराचं घड्याळ मागे सरकतं आणि रात्री झोप यायला आणखी उशीर होतो.

राहता राहिली सबब गजराची. मोबाईल ओसरीत चार्जिंगला लावला तरी गजर ऐकू येतो, शिवाय तो बंद करायला उठावं लागतं.