मजकुराच्या ओळींतून माहितीचा तक्ता

जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील फैजपूर हे गाव १९३६ साली ग्रामीण भागात भरलेल्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनामुळे देशभर परिचित झाले. हा परिसर केळीच्या बागांसाठीही प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात पारा फार उतरला की केळीची वाढ खुंटते आणि घड निसवण्यास विलंब होतो. म्हणूनच हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत कमी तापमान हा केळीसाठी एक धोका मानलेला आहे. तापमान ठरावीक मर्यादेखाली सलग किती दिवस राहिले, हे भरपाई ठरविताना पाहिले जाते. त्यामुळे हवामानाच्या नोंदी बिनचूक वाचल्या जाणे शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

अशा नोंदी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवता येतात. उदाहरणादाखल एक काल्पनिक ओळ घेता येईल : ‘फैजपूर, १२ जानेवारी, किमान ७.८, कमाल २६.४’. वाचकाला तिचा अर्थ तत्काळ उमगतो. संगणकाच्या लेखी मात्र ती केवळ अक्षरांची रांग असते. तिच्यातून ठिकाण, दिनांक व तापमान वेगळे काढून तक्त्याच्या रकान्यांत बसविण्याचे काम स्क्रिप्ट भाषेतील छोटी आज्ञावली करते. १९७७ साली बेल प्रयोगशाळेत आहो, वाइनबर्गर व कर्निगन यांनी तयार केलेली ‘ऑक’ ही अशीच एक भाषा होय. पुढे १९८७ साली लॅरी वॉल यांची ‘पर्ल’ आणि १९९१ साली गिडो व्हान रॉसम यांची ‘पायथन’ या भाषा प्रसिद्ध झाल्या.

या कामाची रीत सोपी आहे. आज्ञावली एकेक ओळ वाचते व ती ठरवून दिलेल्या नमुन्याशी ताडून पाहते. ‘किमान’ हा शब्द, मग मोकळी जागा, मग एक वा अधिक अंक, दशांशचिन्ह आणि पुन्हा एक अंक, असा तो नमुना असतो. ओळ जुळली की त्यातील आकडा उचलून योग्य रकान्यात लिहिला जातो. एकच गाव ‘फैजपूर’ व ‘फैजपुर’ असे दोन प्रकारे लिहिलेले असल्यास ती नावे आधी एकरूप करावी लागतात. देवनागरी अंक काही भाषांना कळतात, काहींना कळत नाहीत. तेव्हा तीही तजवीज करणे अगत्याचे असते.

खरी कसोटी लागते ती नोंद नसलेल्या दिवशी. मोकळी जागा शून्य समजली गेली, तर न पडलेली कडाक्याची थंडी कागदावर पडते. ती ओळच वगळली, तर ११ व १३ तारखेच्या नोंदी लागोपाठच्या दिवसांच्या भासतात आणि ‘सलग’ या शब्दाचा अर्थच बदलतो. याकरिता तक्त्यात प्रत्येक दिनांकाला स्वतंत्र जागा असावी आणि नसलेली नोंद ‘उपलब्ध नाही’ अशीच दाखवावी.

नमुन्यात न बसणाऱ्या ओळी टाकून न देता, ओळ क्रमांकासह वेगळ्या फाईलमध्ये जमा कराव्यात. स्वीकारलेल्या व बाजूला काढलेल्या ओळींची बेरीज मूळ ओळींइतकी भरते की नाही, हे शेवटी तपासावे. मूळ फाईलला मात्र हात लावू नये. हिशेब चुकल्याची शंका आल्यास शेतकरी व अधिकारी या दोघांनाही तिच्याकडेच परतावे लागते.

हजारो ओळी संगणक क्षणात वाचतो. परंतु न कळलेली ओळ कळली असे त्याने मानू नये, ही दक्षता आज्ञावली लिहिणाऱ्यानेच घ्यावयाची असते.