गीझर का रुसतो?

परीक्षेचा दिवस, बेळगावची डिसेंबरातली थंडी आणि पहाटेचे सहा. न्हाणीघरात जाऊन मी गरम पाण्याचा नळ सोडला. पाणी आले, पण भिंतीवरच्या गॅस गीझरने 'ब्र' म्हणून काढला नाही. बाबांनी नवे सेल आणून घातले, तरीही शांतता! शेवटी स्वयंपाकघरात शेगडीवर पातेले चढले आणि प्रस्तुत लेखक कसाबसा आंघोळ उरकून कॉलेजात पोहोचला.

विद्यार्थिमित्रहो, मी वाणिज्य शाखेचा. यंत्राशी माझी ओळख दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापुरती. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो आहे. त्या दिवशी आमचा गीझर पेटला नाही हे आमचे भाग्यच होते, असे मला आता वाटते. ते कसे, हे सांगण्यासाठी आधी गीझर पेटतो कसा हे पाहू.

नळ सोडला की पाणी गीझरमध्ये शिरते आणि एका रबरी पडद्याला ढकलते. पडदा एका दांडीला ढकलतो आणि दांडी एका लहानशा स्विचला दाबते. स्विच दाबला गेला की दीड-दीड व्होल्टच्या दोन मोठ्या सेलांची वीज नियंत्रकाला मिळते. मग दोन गोष्टी एकदमच घडतात. 'टिक्-टिक्' करीत ठिणग्या पडू लागतात आणि विजेवर चालणारी गॅसची झडप उघडते. ज्योत पेटली की शेजारची एक बारीक काडी, म्हणजे सेन्सर, तिची खात्री करून घेते. ज्योतीतून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह वाहू शकतो आणि तो जाणवला तरच झडप उघडी राहते. नाहीतर काही सेकंदांतच गॅस बंद. आधी पाणी, मग वीज, मग गॅस, शेवटी ज्योत. एकाने जरी 'नाही' म्हटले, तरी पुढचे सारे थांबते.

आमच्या हिशेबशास्त्रात तेरीज जुळली नाही की आपण साऱ्या वह्या फाडीत नाही, खतावणी पानापानाने तपासतो. येथेही तेच करायचे. गीझरवर थापा न मारता कान देऊन ऐकावे. तो तीनच प्रकारांनी रुसतो.

पहिला प्रकार : टिक्-टिक् होतच नाही. अशा वेळी दोष पाण्यात किंवा विजेत असतो. सेल उलटे बसलेत का, त्यांच्या पट्ट्यांवर गंज चढलाय का, हे पाहावे. सेल ठीक असतील तर पाण्याचा जोर बघावा. टाकी जितकी उंच, तितका दाब अधिक. दर मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर साधारण दहावा हिस्सा किलोचा दाब मिळतो. म्हणून गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खाली असलेल्या वरच्या मजल्यावर गीझर पुष्कळदा रुसतो, आणि तोच गीझर तळमजल्यावर आनंदाने चालतो. दाब असूनही पाणी बारीक येत असेल, तर पाणी आत शिरते त्या तोंडाशी एक जाळी असते ती पाहावी. आमच्या घरी नेमके हेच झाले होते. आदल्या रविवारी टाकी धुतली होती आणि तळाची रेती त्या जाळीत येऊन बसली होती. पाण्याचा कॉक बंद करून मी जाळी काढली, जुन्या दात घासायच्या ब्रशने धुतली, आणि टिक्-टिक् सुरू झाली.

दुसरा प्रकार : टिक्-टिक् होते, पण ज्योत नाही. येथे संशय गॅसवर. सिलिंडर संपला आहे का, रेग्युलेटरची चावी चालू आहे का, ते पाहावे. नवा सिलिंडर जोडला असेल तर नळीत हवा अडकलेली असते. मिनिटभर थांबून, खिडकी उघडी ठेवून, दोन-तीनदा प्रयत्न केला की ती निघून जाते. टिक्-टिक् ऐकू येते म्हणून सेल चांगले आहेत, असे मात्र समजू नये. थकलेले सेल ठिणगी पाडतात, पण झडप उघडण्याइतका जोर त्यांच्यात उरलेला नसतो.

तिसरा प्रकार : ज्योत पेटते आणि तीन-चार सेकंदांत विझते. जाळी धुतल्यावर आमचा गीझर या अवस्थेला आला. शेजारच्या काकांनी सुचवले, "अरे, सेन्सरवर काजळी बसली असेल. पॉलिश-कागदाने घास, लगेच चालेल." सल्ला चुकीचा नव्हता. घासले असते तर गीझर चाललाही असता. पण आजीने हट्ट धरला की मिस्त्रीलाच बोलवा.

संध्याकाळी मिस्त्री आले. त्यांना मराठी बेताचे येते आणि आजीला कन्नड बेताचे, तेव्हा दुभाष्याचे काम माझ्याकडे. त्यांनी वरचे झाकण काढले आणि आत पाहून ते गप्पच झाले. तांब्याच्या पत्र्यांमध्ये काळीभोर काजळी दाटून बसली होती. मग त्यांनी न्हाणीघराच्या झरोक्याकडे पाहिले. थंडी येते म्हणून आम्ही दिवाळीनंतर त्यावर प्लॅस्टिकचा कागद ठोकला होता.

"तम्मा, किडकी मुच्चब्याडरी!" ते म्हणाले. खिडकी बंद करू नका. आजीसाठी मी त्याचे मराठी केले, तशी ती सहज बोलून गेली, "गेले पंधरा दिवस आंघोळ केली की माझं डोकं जड होतंय. मला वाटलं, थंडीच बाधली."

घरात कोणी काही बोलले नाही.

गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. हवा पुरली तर ज्योत निळी असते. हवा कमी पडली की ती पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरून ठेवते. डोके जड होणे, गरगरणे, मळमळणे, मग शुद्ध हरपणे असा त्याचा क्रम. बंद दाराआड माणूस कोसळला, तर बाहेरच्यांना पत्ताही लागत नाही. "गॅसचा वास आला की कळेलच," हा भ्रम आहे. तो उग्र वास न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो. जळून तयार झालेल्या विषाला तो नसतो. आजीच्या काळी आमच्याकडे तांब्याचा बंब होता. त्याचा धूर डोळ्यांत पाणी आणून माणसाला बाहेर पिटाळीत असे. गीझर एवढीही सूचना देत नाही.

मी सेन्सर तेवढा घासला असता तर? हिशेबातला फरक सापडला नाही म्हणून तो उचंत खात्यात टाकून तेरीज जुळवावी, तसे झाले असते. कागदावर सारे ठीक दिसते आणि चूक जागच्या जागी राहते. येथे त्या चुकीची किंमत आजीने मोजली असती.

मिस्त्रींनी काजळी साफ केली आणि बर्नर धुतला, पण गीझर पुन्हा न्हाणीघरात बसवायला साफ नकार दिला. आता तो परसातल्या भिंतीवर, पत्र्याच्या आडोशाला, उघड्या हवेत आहे आणि आत फक्त गरम पाण्याची नळी येते. झरोक्यावरचा कागदही निघाला. आजीचे डोके त्यानंतर जड झालेले नाही.

वाचकहो, सेल, जाळी, चावी या तीन गोष्टी आपण जरूर तपासाव्यात. झाकणाच्या आतले काम जाणकारालाच द्यावे. गॅसचा वास येत असेल तर काहीच तपासू नये. काडी ओढू नये, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये. हा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. ज्यांचा गीझर अजून न्हाणीघरातच आहे, त्यांनी तो आधी बाहेर हलवावा. ते होईपर्यंत बादली भरून, गीझर बंद करून, हवा खेळू देऊन मगच आंघोळीला बसावे.

त्या दिवशीचा माझा पेपर बरा गेला. तेरजेवरचा प्रश्न मात्र चुकला. घरची तेरीज जुळली, यात मी समाधान मानतो!