धाराशिवच्या उन्हातला गेमिंग पीसी

एप्रिल-मेमध्ये धाराशिवचा पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालची किंवा स्लॅबखालची खोली रात्री दहालाही तापलेलीच असते. अशा खोलीत भारीतला गेमिंग पीसी जोडायचा, तर कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं हा प्रश्न दुसरा. वीज कशी आहे आणि हवा कुठून खेळते, हे आधी बघावं लागतं.

एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० जानेवारी २०२५ मध्ये आलं, तेव्हा भारतात नुसत्या कार्डाची किंमत २ लाख १४ हजार रुपये जाहीर झाली. पूर्ण ताकदीने चाललं की ते ५७५ वॅट वीज ओढतं. प्रोसेसर, पंखे, मॉनिटर धरले तर भार ७०० ते ८०० वॅटपर्यंत जातो, आणि ही जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. म्हणजे ऐन मे महिन्यात रूम हीटर लावून खेळायला बसायचं. शिवाय लाइट गेली की घरोघरी असतो तसला ६०० व्हीएचा यूपीएस हा भार पेलतच नाही; त्याची मजल साधारण ३६० वॅटची.

जोडणी मात्र वाटते तितकी अवघड नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा, जोर न लावता तो ठेवायचा, लिव्हर दाबायची, वर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट आणि मग कूलर. खरी काळजी घ्यायची ती कार्डाला वीज देणाऱ्या १६ पिनांच्या कनेक्टरपाशी. १२ व्होल्टवर ५७५ वॅट म्हणजे जवळपास ४८ अँपिअर; सहा तारांत वाटले तरी प्रत्येकीत आठ. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे काही कनेक्टर वितळले, तेव्हा ते पुरते आत न बसणं हे एक मोठं कारण निघालं. कनेक्टर फट न राहता बसला पाहिजे आणि तार तोंडापाशीच दुमडता कामा नये. बालाघाटाच्या या कोरड्या मुलखात अर्थिंगचा खड्डाही उन्हाळ्यात सुकतो. त्यात अधूनमधून पाणी ओतायचं हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक असतं. लाखाचं कार्ड घेणाऱ्यानेही ते विसरू नये.

गेमरांमधला सध्याचा मोठा वाद आहे 'खोट्या फ्रेम'चा. नवी कार्डं स्वतः एक फ्रेम काढतात आणि एआयच्या मदतीने आणखी काही फ्रेम मध्ये घुसवतात. आरटीएक्स ५०७० जाहीर करताना एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी त्याची कामगिरी ४०९० च्या तोडीची असल्याचं सांगितलं, ते याच जोरावर. चित्र गुळगुळीत दिसतं, हे खरं. पण मूळ फ्रेम सेकंदाला तीसच असतील, तर पडद्यावर १२० दिसल्या तरी माऊसला मिळणारा प्रतिसाद तिसाचाच, उलट किंचित उशिराचा. एकट्याने निवांत खेळायच्या गेममध्ये हे चालून जातं. नेमबाजीच्या स्पर्धेत नाही. खोक्यावरचा आकडा बघून कर्ज काढणाऱ्याला विक्रेत्याने हा फरक सांगायलाच हवा.

महाग यंत्र म्हणजेच चांगला गेम, असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' ऑगस्ट २०२० मध्ये पहिल्यांदा आला तो निन्टेन्डो स्विचवर, हातात धरून खेळायच्या यंत्रावर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

बसून खेळतात त्याला खेळ म्हणायचं का, हा वाद या जिल्ह्यात जास्त टोकदार होतो, कारण इथल्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मैदानावर घाम गाळलेल्यांची शंका रास्त आहे. मात्र २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते, तेव्हा 'हार्थस्टोन'मध्ये कांस्य मिळवणारा तीर्थ मेहता भुजचा होता. पत्त्यांचा हा गेम साध्या मोबाइलवरही चालतो.