दोन वर्षांना एक दिवस कमी

कॅनडातील न्यायालयांत 'दोन वर्षांना एक दिवस कमी' अशी शिक्षा अनेकदा सुनावली जाते. ऐकणाऱ्यास हा न्यायाधीशांचा विक्षिप्तपणा वाटावा. परंतु कैदी कोणत्या सरकारच्या ताब्यात जाणार, हे या एका दिवसावर ठरते. दोन वर्षे वा त्याहून अधिक शिक्षा झालेला प्रौढ गुन्हेगार संघराज्य सरकारच्या 'करेक्शनल सर्व्हिस ऑफ कॅनडा'कडे सोपविला जातो. त्याहून कमी शिक्षेचा कैदी प्रांताच्या तुरुंगात राहतो.

भारतात तुरुंग हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे येरवड्यात सहा महिन्यांचा कैदी आणि जन्मठेपेचा कैदी एकाच यंत्रणेखाली येतात. कॅनडाने मात्र १८६७ च्या घटना कायद्यातच मोठे कारागृह केंद्राकडे आणि सामान्य तुरुंग प्रांतांकडे अशी वाटणी केली. १८३५ मध्ये सुरू झालेले आणि २०१३ मध्ये बंद झालेले किंग्स्टनचे कारागृह हे पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण.

प्रांतांच्या वाट्याला खरी डोकेदुखी आली ती कच्च्या कैद्यांची. खटला खुनाचा असो वा किरकोळ चोरीचा, निकाल लागेपर्यंत आरोपी प्रांताच्याच कोठडीत असतो. २००४-०५ पासून देशभरातील प्रांतिक तुरुंगांत शिक्षा झालेल्यांपेक्षा अशा कैद्यांचीच संख्या अधिक राहिली आहे. मुक्काम अल्प आणि अनिश्चित असल्याने व्यसनमुक्ती, शिक्षण वा कौशल्य प्रशिक्षणाचे कार्यक्रम तेथे नीट रुजत नाहीत. केंद्रीय कारागृहांत त्यांना अधिक वाव असतो. म्हणूनच काही आरोपी स्वत:हून दोन वर्षांची शिक्षा मागतात!

सुटकेचे नियमही निराळे आहेत. केंद्रीय कैदी साधारणत: दोन तृतीयांश शिक्षा भोगल्यावर बाहेर येतो, पण उर्वरित काळ देखरेखीखाली असतो. प्रांतिक कैद्यास चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून जवळपास तेवढ्याच काळाने सुटका मिळते. मात्र त्यानंतर त्याच्यावर आपोआप देखरेख राहत नाही. ती हवी असल्यास न्यायाधीशास शिक्षेसोबतच कमाल तीन वर्षांच्या परिवीक्षेचा आदेश द्यावा लागतो आणि दोन वर्षांहून अधिक शिक्षेला तो जोडता येत नाही. तो एक दिवस कमी करण्यामागे अनेकदा हाच हिशेब असतो. वस्तुत: अशा गुन्हेगारावर एकंदर नियंत्रण कधी कधी केंद्रीय कैद्यापेक्षाही अधिक काळ राहते.

टोरांटो परिसरात स्थायिक झालेल्या, पण नागरिकत्व न घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही शिक्षेच्या मुदतीचे हे गणित परके नाही. कायम रहिवाशास गंभीर गुन्ह्याबद्दल देशाबाहेर काढण्याचा आदेश झाल्यास त्याविरुद्ध अपील करण्याचा हक्क पूर्वी दोन वर्षांच्या शिक्षेने जात असे. २०१३ मध्ये ही मर्यादा सहा महिन्यांवर आणण्यात आली. म्हणजे केंद्रीय कारागृह टळले, तरी प्रांतिक तुरुंगातील सहा महिनेही तो हक्क हिरावून घेण्यास पुरेसे आहेत.