अंतःस्थापित उपकरणांतील लिनक्स कर्नल : अनुकूलन आणि पॅच

कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल होय. जालन्यातील पोलाद उद्योगाचे उदाहरण घेता येईल. रोलिंग मिलमध्ये सळई कापण्याचा आदेश देणाऱ्या छोट्या संगणकाला ध्वनी वा ग्राफिक्सची गरज नसते. असे घटक वगळून कर्नल संकलित केला की स्मृती वाचते. हे काम तुलनेने सोपे आहे. खरी कसोटी वेळेची असते. सळई सेकंदाला १० मीटर धावत असेल, तर १० मिलिसेकंदांच्या विलंबाने मापात १० सेंटिमीटरचा फरक पडतो. सरासरी वेग उत्तम असून उपयोग नाही. सर्वसाधारण लिनक्स अशी कालमर्यादेची हमी देत नसे. ती उणीव भरून काढणारा 'प्रीएम्प्ट आरटी' पॅच सुमारे २० वर्षे मूळ कर्नलबाहेर सांभाळावा लागला आणि प्रत्येक नव्या आवृत्तीशी पुन्हा जुळवावा लागला. २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत त्याचा समावेश झाला.

उत्पादकांचे स्वतःचे पॅच मात्र बहुधा बाहेरच राहतात. मूळ फाइल बदलली की ते लागू होत नाहीत. मग उत्पादक जुन्याच आवृत्तीवर थांबतो आणि सुरक्षाविषयक दुरुस्त्या उपकरणापर्यंत पोहोचत नाहीत. जीपीएल परवान्यामुळे खरेदीदाराला बदललेल्या कर्नलची मूळ संहिता मागता येते. खरेदीच्या वेळी हा हक्क क्वचितच आठवतो.